कड घासलेली गिनी

दसरा उलटला आणि गिरणगावातल्या ट्रंका उघडायला लागल्या.

चाळी रिकाम्या करायच्या होत्या. डिलाईल रोडला, भोईवाड्यात, जिकडेतिकडे नोटिसा लागल्या होत्या. दहा बाय सोळाच्या खोलीत साठ-सत्तर वर्षं साठलेलं सामान माणसं गॅलरीत काढून बसली होती. माळ्यावरची पातेली खाली आली, पाटा-वरवंटा खाली आला, आणि ट्रंकेच्या तळाशी लुगड्याच्या घडीत जपलेली सोन्याची पुरचुंडीही वर आली. तिच्यात एखादं जुनं नाणं निघालं की माणसं ते घेऊन गिरगावात तळपद्यांच्या दुकानात जायची. साधा सराफ नाण्याचं नुसतं वजन धरतो. तळपदे नाण्याला नाणं म्हणून भाव द्यायचे, कारण त्यांच्याकडे हौशी गिऱ्हाइकं होती.

त्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी, बुटक्या टेबलामागच्या स्टुलावर बुधाजी मांजरेकर बसायचा. गिरण्या बंद पडल्या त्या वर्षी तो इथे लागला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. आता सहासष्ट. त्याला नाणी पारखायला शिकवणारे आप्पा तळपदे वारले होते आणि त्यांचा नातू गंधार दुकान बघत होता. गंधारने कॅरेट दाखवणारं मशीन आणलं होतं. नाणं आत ठेवलं की अर्ध्या मिनिटात त्यात सोनं किती, तांबं किती, आकडे यायचे. तेव्हापासून बुधाजीचं टेबल पुढच्या काउंटरवरून मागे, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे आलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा सदरा पाठीला चिकटायचा. घाम नाण्यावर पडू नये म्हणून तो मनगटाला रुमाल बांधून बसायचा.

तरी त्याच्यावाचून अडायचं. मशीनला सोनं कळतं, नाणं कळत नाही. गिनीची नक्कल करणारे सोनं चोख घालतात. खोटा असतो तो छाप. आप्पांनी त्याला तीन पायऱ्या शिकवल्या होत्या. आधी कान, मग काटा, मग डोळा. त्रेचाळीस वर्षं त्याने हा क्रम मोडला नव्हता.

त्या मंगळवारी राकेश गावडे आला. पन्नाशीचा, गिरणीच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये लिफ्टच्या देखभालीला होता. ड्यूटीचा शर्ट घालूनच आला होता.

"आईची आहे," तो म्हणाला. "गेली आई, श्रावणात. चाळ सोडायच्या आधी म्हटलं बघावं काय आहे ते."

गिनी १९१८ची होती. सालाच्या वर, घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीवर, तिळाएवढा इंग्रजी आय होता. मुंबईच्या टांकसाळीत त्या एकाच वर्षी गिन्या पाडल्या, त्याची ती खूण. अशी गिनी हौशी माणूस चढा भाव देऊन घेतो, आणि म्हणूनच तिच्या नकलाही फार. मशीनने बावीस कॅरेट दाखवले. गंधारने गिनी मागे पाठवली.

बुधाजीने ती डाव्या हाताच्या बोटाच्या टोकावर तोलून धरली, लाकडी काडीने हलकेच टिचकी मारली आणि कानाशी नेली. आवाज बारीक, लांब, शेवटाला जरा थरथरणारा. बरोबर होता. मग काट्यावर ठेवली. सात ग्रॅम अठ्ठ्याण्णव हवे, सात ग्रॅम एकोणनव्वद आले. त्याने ती उचलून परत ठेवली. तेच.

मग त्याने भिंग लावलं. कडेच्या दातऱ्यांवरून बोट फिरवताना एका जागी दातरे संपले. तिथे गुळगुळीत, सपाट. तुरीच्या दाण्याएवढी लांबी.

"कड घासलीय," बुधाजी म्हणाला.

"म्हणजे?"

"कानशीने घासून कडेचं सोनं काढलंय कुणीतरी. पूर्वी करायचे असं. नाणं नाणंच राहतं, आणि सोनंही हाताला लागतं."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ते मी काय सांगणार? ज्याच्या हातात होती त्याला ठाऊक."

राकेश गिनीकडे बघत स्वतःशीच म्हणाला, "चार वर्षं कपाटाची किल्ली बायकोकडेच आहे. आई अंथरुणावर पडल्यापासून."

गंधारने पुढून सांगितलं की नाणी जमवणारे अशी घेत नाहीत, वितळवायच्या भावाने घेता येईल. राकेशने गिनी मुठीत घेतली आणि निघून गेला.

"काका, मशीनला नसतं सापडलं हे," गंधार म्हणाला. फार दिवसांनी त्याने असं काही म्हटलं होतं. त्या दुपारी बुधाजीने स्वतःहून स्टूल थोडं पुढे ओढलं. कुणी मागे सरकवलं नाही.

*

बुधाजीची खोली डिलाईल रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर टोकाला होती. तो एकटाच राहायचा. एक कॉट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. दुसरी खुर्ची त्याने चाळ सोडायची म्हणून भंगारवाल्याला दिली होती, आणि तिच्यावाचून काही अडलं नव्हतं. गावाहून सोळाव्या वर्षी आला तेव्हा ह्याच खोलीत नऊ जण झोपायचे. ते एकेक करून गेले. कुणी लग्न करून, कुणी गावी, कुणी आजाराने. खोली मात्र त्याच्या नावावर राहिली. आता टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर त्याला घर मिळणार होतं. तिथे गॅलरी नव्हती.

शेजारच्या खोलीत अक्षदा बाळंत होऊन आली होती. तिची मावशी कमळाबाई गावाहून बाळंतपणाला आली होती. भिंत पातळ. बाळ रडलं की बुधाजीचा हात पिठात असला तरी थांबायचा आणि ते गप्प झालं की पुढे चालायचा. बाळ त्याने अजून पाहिलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत एकट्या पुरुषाने कशाला डोकावायचं, असं त्याला वाटायचं.

*

बारा-तेरा दिवसांनी दुकानात एक बाई आली. परळच्या हॉस्पिटलात आया असलेली, पंचेचाळिशीची. पायांत रबरी चपला, ड्यूटीवरून तशीच आलेली. काउंटरवर न थांबता ती सरळ बुधाजीच्या टेबलाशी आली.

"गिनीची कड घासली म्हणून सांगणारे तुम्हीच का?"

"कुठली गिनी?"

"भोईवाड्याचे गावडे. मी सुचित्रा, त्यांची मिसेस."

बुधाजीने तिला बसायला सांगितलं. पण तिथे दुसरं स्टूल नव्हतं. ती उभीच राहिली.

"एवढंच विचारायला आलेय, काका. ते घासलेलं जुनं होतं की नवं?"

बुधाजीने भिंग उगाच पुसलं.

"आमच्याकडे पेशंट येतात," ती म्हणाली. "अंगावरचा वळ आजचा का आठ दिवसांचा, आम्हाला बघून कळतं. मी काही शिकलेली नाही, तरी कळतं. तुम्हाला नाण्याचं कळत असेल ना? चार वर्षांतलं आहे का त्याच्या आधीचं, एवढंच सांगा. चार वर्षं किल्ली माझ्याकडे होती. त्याच्या आधी नव्हती."

"कानस लावली की बारीक ओरखडे राहतात," बुधाजी म्हणाला. "नवे असले तर चमकतात. जुने असले तर काळे पडतात."

"मग हे कसले होते?"

त्याने डोळे मिटून ती कड आठवली. सपाट. गुळगुळीत. ओरखडे आठवेनात. चमकणारे नाहीत, काळेही नाहीत. काट्याने नव्वद मिलीग्रॅम कमी सांगितले तेव्हाच त्याच्या मनाने चोरी धरली होती. भिंग त्यानंतर लावलं, ते चोरीची जागा शोधायला. ती सापडली आणि त्याने भिंग खाली ठेवलं.

"बघितलं होतं ना तुम्ही?" तिने विचारलं.

"गिनी घेऊन या. परत बघतो."

ती हसली, पण ते हसणं त्याच्यासाठी नव्हतं. "किल्ली आता ह्यांच्या पँटच्या खिशात असते. आंघोळीला जातात तेव्हा पँटही मोरीत नेतात. चार वर्षं मी त्यांच्या आईचं हगणं-मुतणं काढलं. आता घरात दूध आणायला सांगतात तर सुटे मोजून देतात."

बुधाजीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने घेतला नाही. जाताना काउंटरपाशी क्षणभर थांबली, काचेखालची नाणी बघितली आणि निघून गेली.

त्या दिवशी बुधाजीने सात नाणी तपासली. प्रत्येक नाणं दोनदा. गंधार दोनदा मागे वळून बघून गेला.

*

रविवारी अक्षदाच्या बाळाचं बारसं होतं. सकाळी कमळाबाई बुधाजीच्या दारात उभी राहिली. हातात मधाची बाटली.

"बुधाजीनू, घरात चोख सोना आसा काय? ह्या पोरीची चेन सहाणेर घासली तर नुसतो काळो डाग. बाळाच्या ओठाक लावूचा आसा."

बुधाजीने कपाट उघडलं. आतल्या खणात, पिवळ्या पडलेल्या कागदात त्याची स्वतःची एक गिनी होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, गावात एक मुलगी बघितली होती तेव्हा आप्पांकडून घेतलेली. ते लग्न झालं नाही. गिनी कुणाच्या गळ्यात गेली नाही, कुणी हातातही धरली नाही. टांकसाळीतून निघाली असेल तशी होती, सगळे दातरे शाबूत. वर्षातून एकदा तो ती घरातल्या छोट्या काट्यावर ठेवायचा आणि परत गुंडाळायचा.

त्याने ती कमळाबाईच्या हातावर ठेवली. मग आपल्यालाच राहवेना म्हणून तिच्या मागोमाग गेला आणि दारात थांबला.

"आत येवा. बाळ काय खाऊचा नाय तुमका," कमळाबाई म्हणाली.

ती भिंतीशी मांडी घालून बसली. सहाण पुढ्यात, तिच्यावर मधाचा थेंब. गिनी चिमटीत उभी धरून कड मधात टेकवली आणि ती गोल गोल फिरवायला लागली. दगडावर सोनं घासल्याचा आवाज झाला. तो आवाज बुधाजीने कसोटीच्या दगडावर हजारदा ऐकला होता. तरी तो शहारला.

"मावशी, डॉक्टरांनी मध देऊ नका म्हणून सांगितलंय," अक्षदा कॉटवरून म्हणाली.

"ओठाक लावतंय फक्त. तू पूस मगे. तुझो डॉक्टर खूश, माजो देव खूश."

"आडवी का नाही धरत?" बुधाजीने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच वेगळा वाटला.

"आडवी धरली तर राजाचा तोंड झिजतला. उभीच धरूची. एकदा जागा पडली की दुसऱ्या बाळाक तीच जागा. बघूक नको, बोटांका बरोबर गावता."

"असं किती बाळांना करतात?"

"घरात होतीत तितक्यांका. आमच्या गावात एका म्हातारीकडे पुतळी होती, सोन्याचा जुना नाणा. सगळो वाडो तिच्याकडे. अर्धी कड नाय होती तिका."

बुधाजीने दाराची चौकट धरली. कमळाबाईने करंगळीने मध उचलला आणि बाळाच्या खालच्या ओठाला लावला. अक्षदाने लगेच फडक्याच्या टोकाने पुसला. बाळाने तोंड हलवलं, काहीतरी चाखल्यासारखं केलं, आणि पुन्हा झोपलं.

त्रेचाळीस वर्षं त्याने सोनं हातात धरलं होतं. सोन्याचं असंही काही होतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आप्पांनी बाजारात घासलेलं सोनं बघितलं होतं. राकेश पुरुष माणूस. आणि त्याच्या स्वतःच्या खोलीत आजवर पाळणा टांगला नव्हता.

*

सोमवारी त्याने गंधारला सांगितलं की चार वाजता निघतो, भोईवाड्याला जायचंय.

"काका, आपण कुणाच्या घरी जात नाही," गंधार म्हणाला. "आणि जाऊन सांगणार काय? आमचं चुकलं? उद्या प्रत्येक जण नाणं परत घेऊन येईल. काकांना पुन्हा बघायला सांगा म्हणेल."

"चुकलंय म्हणूनच जातोय."

"मग तुमच्या शब्दाला काय राहिलं? मशीन तरी चुकत नाही."

बुधाजीने भिंग खिशात घातलं. गंधार मोबाइल उचलत म्हणाला, "बघा. मागची जागा मला पॅकिंगला हवीच होती." हसत म्हणाला, पण नजर मोबाइलवर होती.

भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या चाळीत गावड्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती. दार लोटलेलं. आत खोकी भरून ठेवलेली. राकेश बनियनवर, दोरी बांधत होता. सुचित्रा खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने बुधाजीकडे पाहिलं आणि घडी चालू ठेवली.

"गिनी परत बघायचीय," बुधाजी म्हणाला.

"आता काय बघायचं राहिलंय, काका?"

"माझंच बघायचं राहिलं होतं."

राकेशने खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, गिनी दिली. बुधाजी खिडकीच्या उजेडात खोक्यावर बसला. कान नाही, काटा नाही. आज आधी डोळा.

सपाट जागेवर एकही ओरखडा नव्हता. तिच्या दोन्ही कडा गोलसर झालेल्या, वापरून वापरून कपाची कड होते तशा. आणि जिथे दातरे पुन्हा सुरू होत होते, त्या पहिल्या तीन-चार खाचांत काहीतरी तपकिरी, वाळलेलं बसलं होतं. त्याने टाचणीने त्याचा कण काढला, तळहातावर घेतला आणि बोट पाण्यात बुडवून चोळला. चिकटलं.

"घरात सहाण आहे?" त्याने विचारलं.

"सहाण? असेल कुठेतरी. फेकली असेल," राकेश म्हणाला.

"फेकली नाही," सुचित्रा म्हणाली. "त्या खोक्यात आहे. आईंची होती म्हणून ठेवलीय."

तिने खोकं उघडून सहाण काढली. मधोमध गुळगुळीत झालेली, बोटाच्या टोकाएवढा खळगा पडलेला. बुधाजीने गिनी उभी धरून सपाट कड त्या खळग्यात टेकवली. ती बसली.

शेजारची म्हातारी यशोदाबाई दार उघडं बघून उंबऱ्यात येऊन टेकली होती. "गंगूची, ह्या राकेशाच्या आवशीची गिनी मगे ती?" ती म्हणाली. "आजून आसा?"

"तुम्हाला माहीत आहे ही?" बुधाजीने विचारलं.

"माहीत म्हणजे? ह्या चाळीत जन्मलेल्या सगळ्यांच्या जिभेक लागली आसा ती. माझ्या चारय पोरांच्या. बाळ झाला की गंगू गिनी नि सहाण घेऊन हजर. मगे हॉस्पिटलवाले नको म्हणूक लागले, तेव्हा ऱ्हवला. ह्या राकेशाक तर पयलो मान."

"मला कसं माहीत नाही?" राकेश म्हणाला.

"तू पुरुष माणूस. बाळंतिणीच्या खोलीत तुका कोण घेतलो? आणि तुझ्या पोराचा, ऋग्वेदाचा बाळंतपण सावंतवाडीक झाला, म्हणून हिनाय बघूक नाय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"माका कोणी इचारला? दोन आठवडे तुमचो दरवाजो बंद."

बुधाजी उठून उभा राहिला. वाक्य त्याने वाटेत तयार केलं होतं, पण ते आता आठवेना. "चोरी झालेली नाही," तो म्हणाला. "मी न बघता बोललो. ज्याच्या हातात होती त्याला ठाऊक, असं म्हणालो. ते चुकीचं होतं. चूक माझी आहे, ह्यांची नाही."

राकेशच्या हातात दोरीचं टोक तसंच होतं. त्याने एकदा सुचित्राकडे बघितलं, एकदा गिनीकडे. मग खिशातली किल्ली काढून ओट्यावर ठेवली. किल्लीचा आवाज झाला.

सुचित्राने ती उचलली नाही. सहाण वर्तमानपत्रात गुंडाळून तिने खोक्यात ठेवली, वर टॉवेल टाकला.

"तुम्ही आलात हे बरं केलंत, काका," ती म्हणाली. "पण एक सांगू? तुम्ही घासलीय म्हणालात तेव्हा ह्यांनी लगेच ऐकलं. आज नाही म्हणालात, तेही लगेच ऐकलं. मधले वीस दिवस मी सांगत होते."

तिने पुढचा शर्ट उचलला. बाह्या आत दुमडल्या, कॉलर सरळ केली. किल्ली ओट्यावरच होती.

यशोदाबाई जिन्यापर्यंत त्याच्याबरोबर आली. कठड्याला धरून म्हणाली, "खयचे तुम्ही?"

"मालवणाकडचा."

"मग तुमकाय चाटवला असतला कोणी तरी."

"माहीत नाही."

"आवशीक इचारूचा होता."

"आई मला आठवत नाही," बुधाजी म्हणाला. "आणि आता विचारायला कुणी राहिलं नाही."

यशोदाबाईने मान हलवली. तो जिना उतरला.

*

चालत घरी पोचला तेव्हा दिवेलागणी झाली होती. गॅलरीत कमळाबाई वाट बघत होती. "तुमची गिनी. काल देऊक विसारलंय. धुवूक होयी होती, पण बाळ आजून गप ऱ्हवना नाय." कागद त्याच्या हातात देऊन ती आत गेली. आत बाळ रडत होतं.

बुधाजीने दिवा लावला आणि खुर्चीवर बसला. कागद उघडला. गिनीच्या कडेला मध वाळला होता. त्याने तिला काट्यावर ठेवलं. सात ग्रॅम अठ्ठ्याण्णव. काट्याला काहीच फरक कळला नव्हता. भिंग लावलं तेव्हा मात्र एका जागी दोन दातऱ्यांची टोकं चमकताना दिसली, नुकतीच झिजलेली. चाळीस वर्षं ती गिनी निर्दोष होती.

पुसायला त्याने फडकं घेतलं होतं. ते हातात तसंच राहिलं.

पलीकडे बाळ रडत होतं, मग हळूहळू गप्प झालं. भिंतीपलीकडे कुणीतरी काहीतरी पुटपुटत होतं. शब्द कळत नव्हते. बुधाजीने गिनी चिमटीत उभी धरली आणि तिची कड जिभेला लावली. सोन्याला चव नसते, हे त्याला ठाऊक होतं. मधाला होती.